वीणा खाली ठेवायची नाही

दुपारी बाराच्या सुमारास मी गॅलरीत उभी राहून नामस्मरण करते, आणि ते उभ्यानंच करते, याचं आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणींना नवल वाटतं. खारघरच्या या इमारतीत आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. शेजारच्या वहिनी एकदा न राहवून म्हणाल्या, "काकू, गुडघे दुखतात म्हणता आणि तास तास उभ्या काय राहता? खुर्ची आहे की." मी म्हटलं, बसून माझं मन लागत नाही. खरं कारण सांगत बसले असते तर त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या असत्या. करोनात माझा मुलगा सुहास दवाखान्यात होता तेव्हा तर मी दिवसाचे चार-चार तास उभी असायची. भेटायला सोडत नव्हते. संध्याकाळी एक नर्स फोनवर त्याच्या ऑक्सिजनचा आकडा सांगायची, तेवढंच. सुहास घरी आला. बाराव्या मजल्यावरच्या वहिनींचा जावई आला नाही, आणि त्या बाईंचा जप माझ्यापेक्षा कितीतरी नेमाचा. तेव्हा माझ्या उभं राहण्यानं मुलगा वाचला असं मी चुकूनही म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. माझ्या उभं राहण्याचं कारण वेगळं आहे. ते कागदावर उतरवायला इतकी वर्षं लागली, कारण ते माझ्या आईचं गुपित होतं, आणि आई असेपर्यंत ते मी कोणालाही सांगणार नव्हते.

आमचं गाव मोठीखार, पनवेलच्या खाडीला लागून. आता ते शोधायला जाऊ नका, तिथे डोंगराएवढा भराव पडला आहे आणि वरून विमानं जातात. तेव्हा पन्नास-साठ घरं होती, सगळी आगऱ्यांची, आणि ती सगळी एकाच भावकीतली. घरांच्या पुढे भाताची खाचरं, खाचरांच्या पुढे मातीचा लांबलचक बांध, बांधापलीकडे तिवरं आणि मग खाडी. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तो बांध जुन्या माणसांनी हातांनी घातलेला. कुठे खेकड्यानं बीळ केलं, कुठे माती खचली, हे बघायला रोज कोणीतरी बांधावरून फेरी मारायचं. बांध फुटून जी वाट पडते तिला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड गेली आणि खारं पाणी आत आलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात धरत नसे. त्यामुळे आमच्या घरात लहान पोरालाही अमावास्या-पौर्णिमेचं उधाण तोंडपाठ असायचं. शाळेतल्या बाईंनी वार विचारला तर मी चुकायचे, पण भरती कधी लागणार हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

माझे वडील गोमा, गाव त्यांना गोमाबुवा म्हणायचं, आम्ही आबा. पावसाळ्यात शेती, दिवाळीनंतर मिठागरावर काम. मिठानं पायांना अशा भेगा पडायच्या की रात्री आई त्यांत गरम मेण ओतायची आणि ते तोंडातल्या तोंडात रामकृष्ण हरी म्हणत बसायचे. त्यांचा गळा मोठा गोड होता. भांडण त्यांना जमायचंच नाही. कोणी वाद घालायला आलं की ते बाजूला सरकून त्याला घोंगडीवर जागा करून द्यायचे, आणि आई आतून चडफडायची. आई, हिराबाई, अगदी दुसऱ्या टोकाची. देवाशी तिचं नातं भांडणाचंच होतं. चूल धुमसली, म्हैस लाथ मारून गेली, पोराला ताप आला, की ती वर बघून सुनवायची, "बघतोस काय वरून? दुसरं काम नाय तुला?" लहानपणी मला वाटायचं, विठोबा छपराच्या वाशावर बसून निमूट ऐकून घेतो. आबा हसायचे. म्हणायचे, "बोल गो, बोल. त्याच्याशी बोलते हायस ना, मंग झाला."

श्रावणात आमच्या घरातली सुक्या मासळीची टोपली फडक्यात बांधून माळ्यावर जायची. बोंबील, जवळा, सोडे, सगळं. आबांच्या माळेमुळे ते बारा महिने खायचे नाहीत, पण श्रावणात आम्हालाही बंद. पाऊस धरला की तो वास फडक्यातून घरभर उतरायचा आणि धाकटा भाऊ नाक वर करून उभा राहायचा. मग आई आमची समजूत काढायला वालाचं बिरडं करायची, ओल्या नारळाचं. पहाटे तिच्या तांदळाच्या भाकरीच्या थापांनी मला जाग यायची. पडवीत आबांचं फावडं भिंतीला टेकलेलं असायचं. त्याचा दांडा त्यांनी स्वतः तासून, तेल पाजून गुळगुळीत केला होता आणि ते दुसऱ्या कोणाच्या हाताला लागू देत नसत. एवढी एकच गोष्ट होती, जिच्यावरून तो शांत माणूस तोंड वाकडं करायचा.

गावात गोकुळाष्टमीचा सप्ताह पूर्वीपासूनचा. पण मधे पहिला पहारा कोणी धरायचा यावरून दोन आळ्यांत जुंपली आणि सप्ताह कितीतरी वर्षं बंद पडला. देवळात दिवा लावायचीही मारामार झाली होती. आबांनी घरोघरी जाऊन, नको त्या माणसांच्या पायरीवर बसून, तो पुन्हा सुरू केला. दोन्ही आळ्यांना एकाच पंगतीला जेवायला बसवलं. त्यासाठी त्यांनी एक गोष्ट सगळ्यांकडून कबूल करून घेतली होती : सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्यानं उभ्याउभ्या गळ्यात घ्यायची, नाव तुटू द्यायचं नाही. वीणा जमिनीला टेकली तर सप्ताह मोडला, आणि मोडला म्हणजे ते जुनं भांडण पुन्हा उकरायला लोक तयारच होते. आबांना याची भीती वाटायची. पहारा नसला तरी ते देवळाच्या आसपास घोटाळायचे. बायका टाळ वाजवायच्या, गायच्या, पण वीणेला हात लावायचा नाही असा तिथला रिवाज होता. आणि सुतक असलेल्या माणसानं तर देवळाचा उंबराही ओलांडायचा नाही.

मी नववीत होते त्या वर्षीची ही गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, सप्ताहाचा दुसरा दिवस. पौर्णिमेनंतरच्या दिवसांचं उधाण मोठं, आणि आमच्याकडे ते ऐन दुपारी यायचं. त्यात दोन दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती आणि वाराही खाडीकडूनच होता. दहा ते बारा आबांचा पहारा होता. आई त्यांच्यासाठी भाकरी आणि बिरडं फडक्यात बांधून घेऊन आली होती. मी तिच्याबरोबर आबांचं फावडं घेऊन आले होते, कारण पहारा संपला की परस्पर बांधावर फेरी मारायची असा त्यांचा बेत होता. ते फावडं माझ्या हाती द्यायला आई तयार नव्हती, मीच हट्टानं घेतलं. देवळात पाच-सहा बाया टाळ घेऊन बसल्या होत्या आणि कोपऱ्यात पदूकाका मृदंग वाजवत होते. पदूकाकांना दिसायचं कमी आणि पायांवर तर उभं राहताच येत नसे. बाकी चार-दोन गडी पडवीत बसले होते.

बाराला थोडा अवकाश होता. बांधाकडून हाळी आली, "खांड गेली." पडवीतले गडी उठून पळाले. ज्याचा पुढचा पहारा होता तोही त्यांच्यातच पळाला, त्याला दोष कसा द्यायचा, त्याचं खाचर बांधाला लागूनच होतं. आबा नाव घेत उभेच होते. डोळे मात्र दाराकडे. मग महादूतात्या दारात आले. महादूतात्या म्हणजे आमच्या भावकीतले वडीलधारे आणि सप्ताहाचे मुख्य. पायापासून छातीपर्यंत चिखल. ते ओरडले नाहीत, धाप लागली होती. म्हणाले, "गोमा, माणसा कमी पडतान. साकली होत नाय." खांड बुजवायची आमची रीत अशी की गड्यांनी हात अडकवून, साखळी करून वाहत्या पाण्यात उभं राहायचं, त्यांच्या अंगाच्या आडोशानं मागच्यांनी पेंढ्याचे भारे आणि चिखलाचे गोळे टाकायचे. एकेक माणूस मोलाचा.

आबांनी देवळात इकडेतिकडे पाहिलं. पुरुष म्हणावा असा एक पदूकाका. बायांनी माना खाली घातल्या. आबा नाव न थांबवता आईजवळ आले, गळ्यातली वीणा काढली आणि म्हणाले, "हिरा, धर." त्यांनी चारचौघांत आईला नावानं हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आई दोन पावलं मागं सरली. "मी? बाईमाणसाच्या गल्यात? गाव काय म्हणंल?" "गाव बांधावर हाय," आबा म्हणाले. "धर. कोणाच्या तरी हातात दे, पन खाली ठेवू नको. मी आलोच." तिच्या गळ्यात त्यांनी वीणा अडकवली, तिचं बोट तारेवर ठेवून दाखवलं. मग माझ्या हातातून फावडं घेतलं आणि गेले. भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं राहिलं. आईचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की मृदंगात ऐकूही येत नव्हता. पदूकाकांनी हात हलका केला आणि म्हणाले, "घे बाय, नाव घे. त्याचा काय, तो बारीक पन ऐकतो."

मी आबांच्या मागं पळाले. आईनं डोळ्यांनी अडवलं, पण तोंडात नाव होतं, रागावता कसं येणार? बांधावर गेले तर जिथे बांध होता तिथे पाच-सहा हात रुंदीचा लोंढा आत पडत होता. त्याचा आवाज मला आजही येतो. वरच्या मजल्यावर कोणी गच्चीची टाकी भरायला सोडली आणि पाइपातून पाणी कोसळलं तरी मी उठून बसते. आबा साखळीत शिरले, अगदी कडेला, बांधाच्या तुटक्या बाजूला पाठ लावून. आम्ही पोरी आणि बाया टोपल्यांतून चिखल देत होतो. खांड निम्मी बुजली होती. आबांच्या तोंडातही नाव होतं, आणि हळूहळू साखळीतले सगळेच त्या नावावर दम धरून उभे होते. मग आबांच्या पाठीमागचा बांध खचला. फार आवाज झाला नाही. ढेपूळ सुटावं तशी बाजू सुटली आणि त्यांना घेऊन आत गेली. शेजारच्याचा हात सुटला. लोकांनी उड्या टाकल्या, पण पाणी शेताकडे ओढत होतं. अर्ध्या तासानं ते आमच्याच दुसऱ्या खाचराच्या वरळीपाशी, म्हणजे मधल्या छोट्या बांधापाशी सापडले, वर मातीचा ढीग. तोंडात, नाकात चिखल. महादूतात्यांनी त्यांना पालथं घातलं, पाठ दाबली, पुष्कळ वेळ दाबली. मी तिथेच उभी होते. फावडं चिखलात पडलं होतं, ते मी उचललं. का उचललं ते ठाऊक नाही. आबांना ते कोणी पाडलेलं आवडलं नसतं, एवढंच डोक्यात होतं.

रडणाऱ्या बायांना महादूतात्यांनी हातानं गप्प केलं. मग माझे दोन्ही खांदे धरून ते खाली बसले. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी मला जे सांगितलं ते मी शब्दानं शब्द सांगू शकते. "यमे, नीट ऐक. आपली सगली भावकी सुतकात गेली. वीणा धराया आता आपल्यातला एक मानूस उरला नाय. शेजारच्या गावाला माणूस धाडलाय, तिकडचे बुवा येतील, दोन तास लागतील. तोवर तुजी आय उबी ऱ्हायला पायजे. जोवर तिच्या कानावर गेला नाय, तोवर तिला सुतक नाय. गोमाचा सप्ता हाय, तो मोडू द्यायचा नाय." मग म्हणाले, "तू देवलाच्या दारात जाऊन ऱ्हा. कोनी बाय रडत आली त भायेरच थोपव. तू आत जायाचा नाय, तुला सुतक हाय. इचारला त सांग, खांड बुजवतान. तोंड धू आनि जा."

मी तोंड धुतलं. विहिरीवर पोहरा ओढून तीनदा धुतलं. बापाला तसा चिखलात ठेवून मी आईशी खोटं बोलायला निघाले होते. महादूतात्यांचा मला पुढे कितीतरी वर्षं राग होता. आता मी त्यांच्याही वयाच्या पुढे गेले आहे आणि मला कळतं, त्या माणसालाही दुसरं काही सुचलं नव्हतं. त्यांचाही भाऊबंद गेला होता. त्याच्यासाठी करण्यासारखं एवढंच हाताशी होतं.

देवळात आईचा आवाज चढला होता. आबांसारखा गोड नव्हता, शेतात एकमेकींना हाका मारतात तसा सरळ, मोठा. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आईनं माझ्याकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिचं बोट तारेवर थांबलं नाही. नावाच्या दोन आवर्तनांच्या मधे तिनं विचारलं, "खांड बुजली?" मी म्हटलं, "बुजवतान." तिनं मान हलवली आणि पुन्हा नाव घेतलं. मी वाट बघत होते, आता ती आबांचं विचारेल, आता विचारेल, आणि मी काय बोलणार. तिनं विचारलं नाही. त्या वेळी मी देवाचे आभार मानले की ती विचारत नाही. नंतर, खूप नंतर, तेच माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं : या बाईनं आपल्या नवऱ्याचं एकदा विचारलंसुद्धा नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. भरती उतरली, पाऊस थांबला. आत बाया दमल्या, एकेकीचा टाळ मंदावला, पदूकाका घामानं भिजले. आई उभीच. वीणेच्या पट्ट्यानं तिचा खांदा सोलून निघाला होता, पदर तिथे लाल झालेला मला दिसत होता. एकदा तिचे पाय लटपटले. मी आत जायला पाऊल उचललं आणि आठवण होऊन मागं घेतलं. तिनं तेही पाहिलं. तिनं डोळे मिटले, आणि मग तिचं नाव घेणं असं काही झालं की बायांनी खाली ठेवलेले टाळ पुन्हा उचलले. मी दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभी होते आणि मनातल्या मनात त्या देवाला म्हणत होते, तू माझा बाप खाल्लास आणि माझ्या आईकडून वर गाऊन घेतोस. लिहायला लाज वाटते, पण हेच म्हणत होते.

शेजारच्या गावचे तिघे बुवा ओल्या धोतरांनी आले. त्यांतल्या थोरल्यानं बाहेर पाय धुतले, आत जाऊन नाव घेतघेतच आईच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतली. आईनं वाकून वीणेला नमस्कार केला, उंबरा ओलांडला आणि माझ्यासमोर आली. महादूतात्या पायरीखाली हात जोडून उभे होते. त्यांना तोंड उघडावं लागलंच नाही. आई म्हणाली, "कुठं ठेवलाव?" आणि चालायला लागली. मला वाटलं, तात्यांच्या जोडलेल्या हातांवरून तिला कळलं असेल. घरी नेऊन तिनं आबांच्या कानांतला, नखांतला चिखल स्वतः काढला. कोणाला हात लावू दिला नाही. ते झालं आणि मग ती जी रडली, त्या आवाजानं म्हैस दावं तोडून पळाली.

सप्ताह पूर्ण झाला. आम्ही सुतकात घरी बसलो होतो आणि देवळातून परक्या गावच्या माणसांचा गजर दिवसरात्र ऐकू येत होता. मी कानांत बोटं घालायची. आई भिंतीला टेकून ऐकत राहायची. काल्याच्या दिवशी दोन्ही आळ्यांतले लोक आमच्या अंगणात येऊन नुसते बसून गेले. ते जुनं भांडण मात्र पुन्हा कधी उकरलं गेलं नाही. खारं पाणी लागलेल्या खाचरांत तीन पावसाळे काही आलं नाही. आई मिठागरावर जाऊ लागली, डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहू लागली, आणि त्यावर मला पनवेलला शिकवलं, मास्तरीण केलं. ती देवळात जात राहिली. मी गेले नाही. लग्नानंतरही नाही. सासरी पूजेला हात जोडायचे तेवढे जोडायचे. आई घरी आली की संध्याकाळी हलक्या आवाजात नाव घ्यायची आणि मी स्वयंपाकघरात भांडी वाजवायची.

मग गाव उठलं. जमिनी गेल्या, देऊळ नव्या वसाहतीत बांधायचं ठरलं. सामान हलवताना कोणाच्या तरी हातून ती वीणा आपटली आणि तिच्या भोपळ्याला तडा गेला. पेणला एक कारागीर होता, त्याच्याकडे दुरुस्तीला दिली. आणायला माझा भाचा टेम्पो घेऊन निघाला तर आई म्हणाली, मी येते. ऐंशीच्या घरातली बाई. तिला पोराच्या भरवशावर कसं सोडायचं म्हणून मी गेले. येताना भाच्यानं वीणा मागं गादीत गुंडाळून ठेवायला घेतली, आईनं ती हिसकावून मांडीवर घेतली. पळस्पे फाट्यावर येतो तर गाड्यांच्या रांगाच रांगा. पुढे ट्रेलर आडवा झाला होता. भाचा इंजिन बंद करून खाली उतरला, बघायला गेला. उन्हात आम्ही दोघी.

बाहेर हॉर्न वाजत होते. आई वीणेच्या तारेवरून बोट फिरवत होती, वाजवत नव्हती. मला काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांचं तोंडातून निघून गेलं. "आये, त्या दिवशी तू एकदापन आबांचा नाय इचारलास."

आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "काय इचारू? तू सांगितलास ना."

"मी? मी कवा सांगितला?"

"त्याचा फावडा घेऊन आलीस. तो कोनाला हात लावू देत होता? आनि उंबऱ्याच्या भायेर उबी ऱ्हायलीस. रोज धावत आत येनारी पोर. पाय उचललास आनि मागं घेतलास. कोनी शिकवला आसंल, आत जाऊ नको म्हून. मना नाय कललं?"

म्हणजे ते दोन तास तिला सगळं ठाऊक होतं. त्या दोन तासांत दारात मी एकटी ओझं घेऊन उभी होते असं मी जन्मभर धरून चालले होते. तिच्या गुपिताचा अर्थही मला तेव्हा लागला. तिनं जाणूनबुजून, सुतकात, देवळात वीणा धरली होती. गावानं ऐकलं असतं तर सप्ताह बाटला म्हटलं असतं. म्हणून तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता, तात्यांपाशी नाही, मजपाशी नाही.

"तुला राग नाय आला देवाचा?" मी विचारलं.

"आला त. लय आला. वरती नाव होता आनि आत शिव्या देत होती त्याला मी. एकेक नावाला एकेक शिवी." ती वीणेवरची धूळ पदरानं पुसत होती. "मंग शिव्या सरल्या. नाव ऱ्हायला. दुसऱ्या कोनाचा नाव घेऊ यमे? तुजा बापूस त्याच्याकडं गेला होता. जो घेऊन गेला त्यालाच सांगाया पायजे ना, नीट सांबाल म्हून."

मी रडले. भर रस्त्यात, टेम्पोच्या केबिनमध्ये, पन्नाशी उलटलेली मास्तरीण. नववीतली पोर जी देवळाच्या दारात रडली नव्हती, ती तिथे रडली. आईनं मला रडू दिलं. मग तिनं खांदा हलवला, तोच खांदा, तिथे पट्ट्याचा वण अजूनही होता. मी म्हटलं, "दे इकडं. हात दुखत असतील."

तिनं वीणा उचलून माझ्या गळ्यात अडकवली. माझं बोट धरून तारेवर ठेवलं. पुढच्या गाड्या हलल्या, भाचा धावत येऊन चढला आणि त्यानं टेम्पो चालू केला.

"खाली ठेवू नको," आई म्हणाली.